तेरावा ओंडका

...आणि वर मलाच विचारायचे, "इतकी वर्षं झाली, तुला एक घूस नदीपार नेता आली नाही?" घूस! हसू नका. तुम्हाला हसायला काय जातंय, तुमच्या आयुष्याचा निकाल घुशीनं लावलेला नाही. माझा लावलाय! वय वर्षं पाच, इयत्ता बालवाडी, परीक्षक टोपी घातलेली घूस, निकाल नापास. आणि हा निकाल आमच्या घरात यंदाच्या दिवाळीपर्यंत, म्हणजे मी सव्वीस वर्षांचा घोडा झालो तरी, गॅसच्या पुस्तकाबरोबर जपून ठेवला होता.

थांबा, नीट सांगतो. नीट म्हणजे माझ्या पद्धतीनं नीट, मध्ये तोंड सुटलं तर सांभाळून घ्या.

तर आमचे आप्पा, म्हणजे वडील. ज्योतीराम. चाकणला एका कंपनीत बत्तीस वर्षं क्वालिटीला. काम काय, तर मशीनवरून उतरलेला पीस हातात घ्यायचा, ट्यूबलाइटखाली तिरका धरायचा, एक डोळा बारीक करायचा, आणि ओरखडा दिसला की लाल टॅग. लाल म्हणजे रिजेक्शन, गेला भंगारात. पिवळा म्हणजे रिवर्क, परत मशीनवर पाठवा, सुधरेल. हिरवा म्हणजे ओके. बत्तीस वर्षं हेच! आणि जूनमध्ये झाले रिटायर. कंपनीनं शाल दिली, नारळ दिला, भिंतीवरचं घड्याळ दिलं आणि माणूस दिला पाठवून आमच्याकडे. आता तपासायला पीस कुठून आणायचे? घरातलेच! "चपाती एका कडेला जाड झालीय." "दाराला दीड एमएमची फट हाय." "ह्याचे केस बघा, हा माणूस हाय का झाडू?" सगळ्यांना टॅग. आणि मला? मला काही नवीन टॅग लावावा लागला नाही राव, माझा लाल टॅग दोन हजार चारपासून लोंबकळत होता.

दोन हजार चार. तेव्हा आम्ही दापोडीत, रेल्वेलाइनच्या कडेला दोन खोल्यांत. आप्पांच्या कंपनीनं ऑफिसातले जुने कॉम्प्युटर काढले आणि कामगारांत चिठ्ठ्या टाकल्या. आप्पांची चिठ्ठी निघाली! तीनचाकी टेम्पोतून तो डबा घरी आला, आप्पा स्वतः मागं बसले होते मॉनिटरला मिठी मारून. अख्खी गल्ली बाहेर. आणि त्या डब्याबरोबर आली एक सीडी. लहान मुलांना खेळता खेळता इंग्रजी शिकवणारा गेम. सीडीवर छापलेलं एक जनावर. टोपी, पुढं आलेले दोन दात, चपटी शेपटी. ते बीव्हर नावाचं परदेशी जनावर असतं हे मला सतराव्या वर्षी कळलं. आमच्याकडे चर्चा झाली ती अशी. आप्पा म्हणाले, मुंगूस. ताई म्हणाली, ससा. आई पुढं आली, सीडी लांब धरली, म्हणाली, "घूस हाय. मोरीत बघितलीय मी." विषय संपला.

आता लगेच खेळू दिलं का? नाव नका काढू! दसरा चार दिवसांवर. खंडेनवमीला पूजा झाल्याशिवाय यंत्राला हात लावायचा नाही, हा आप्पांचा नियम. कंपनीत मशीनला झेंडूचे हार, घरी शिलाई मशीन, मिक्सर, आप्पांची लूना, आणि त्या वर्षी कॉम्प्युटर. डब्यावर स्वस्तिक काढलं, मॉनिटरला हार घातला, माउसला हळदीकुंकू, तो बिचारा चौरंगावर शेपटी खाली सोडून बसलेला. आणि मग आप्पांना सुचलं. म्हणे, "डबा म्हंजे नुसतं शरीर. विद्या सीडीत हाय. तिच्यावर स्वस्तिक काढा." आईनं ओल्या कुंकवात बोट बुडवलं आणि थबकली. "घुशीच्या तोंडावर स्वस्तिक काढू व्हय? सणासुदीला?"

मग? मग काय, पालथी घातली! मागची बाजू कशी, स्वच्छ, चकचकीत, चांदीच्या ताटासारखी. त्या बाजूवर काढलं कुंकवाचं ठसठशीत स्वस्तिक, वर अक्षता, वर झेंडूची पाकळी. अहो, ज्या माणसाला कंपनीत केसाएवढा ओरखडा सहन होत नाही, तो माणूस समोर हात जोडून उभा होता! हे लक्षात ठेवा. मी विसरलेलो नाही.

दसरा झाला, दुसऱ्या दिवशी सीडी आत घातली. तुम्हाला सांगतो, काय गेम होता! समोर नदी, अलीकडे घूस, पलीकडे शाळा. एक बाई गोड आवाजात म्हणायची, "ए फॉर...?" आणि तीन चित्रं यायची. बरोबर चित्रावर टिचकी मारली की धप्पकन एक लाकडाचा ओंडका पाण्यात पडायचा, घूस त्यावर उडी मारायची. सव्वीस अक्षरं, सव्वीस ओंडके, की घूस शाळेत! चुकलं किंवा उशीर झाला की घूस पाण्यात, डोक्याला दोन्ही हात लावायची आणि म्हणायची, "ओ-ओ! ट्राय अगेन!"

मी काय खेळलो राव! ॲपल, धप्प! बॉल, धप्प! आठवड्याभरात लायनपर्यंत. बारा ओंडके! गल्लीतली पोरं खिडकीला लोंबकळून बघायची. आणि तेरावा आला की... घर्रर्रर्र... टक् टक् टक्... बाई गप्प. स्क्रीनवर तीन चौकोन. कोरे! पांढरे! कशावर टिचकी मारायची? कपाळावर? मी थांबायचो, अजून थांबायचो, आणि घूस पाण्यात. ओ-ओ! ट्राय अगेन!

मी सांगितलं नाही का? पहिल्या दिवशी सांगितलं! पाच वर्षांचा होतो पण मुका नव्हतो. "आप्पा, चित्रच येत नाहीत." आप्पा मागं उभे, हाताची घडी. "येत न्हाईत म्हंजे? मग बारा कशी आली? कारणं सांगायची न्हाईत. पुढचं येत न्हाई म्हण की!" स्वतः खुर्चीवर बसून बघितलं का एकदा तरी? नाही. माउसला शिवले नाहीत. चेक करणारा माणूस मशीन चालवत नसतो ना! मग शेजारच्या कुसुमताईंना बोलावलं. बालवाडी चालवायच्या, म्हणजे गल्लीतल्या बुद्धीचा ठेका त्यांच्याकडे. त्यांनी मला खेळताना बघितलं, चष्मा वर केला आणि म्हणाल्या, "मुलगा हुशार आहे हो, पण ह्याचं लक्ष बाराच्या पुढं टिकत नाही." बाराच्या पुढं! डॉक्टरसुद्धा इतकं मोजून सांगत नाही! रोज सकाळी भिजवलेले बदाम सुरू झाले. बदाम खाऊन पोट साफ झालं, तेरावा ओंडका तिथंच.

आणि मग ते घराचं ब्रीदवाक्य झालं. चौथीत शिष्यवृत्ती हुकली. आप्पा म्हणाले, "तेरावा ओंडका." दहावीला एकसष्ट टक्के. "तेरावा ओंडका." पाहुण्यांसमोर, लग्नात, पंगतीत वाढपी जिलबी घेऊन थांबलेला असताना, "हा आमचा धाकटा. सुरुवात झ्याक करतो, पण तेराव्या ओंडक्याला बुडतो." आणि पाहुणे हसायचे. त्या पाहुण्यांना बीव्हर म्हणजे काय ते विचारा की!

मी इंजिनिअरिंग सोडलं दुसऱ्या वर्षाला. सगळे म्हणतात नाद लागला, संगत वाईट, मोबाईल. काही नाही. खरं सांगू का, हे मी घरी कुणाला बोललेलो नाही... पेपरला बसायचो, पहिला अर्धा तास हात थांबायचा नाही. आणि मग कुठंतरी एक प्रश्न अडला, की कानात सुरू. घर्रर्र, टक् टक् टक्. पुढची पानं कोरी दिसायची. मी पेन खाली ठेवून बसायचो, घूस कधी पडतेय याची वाट बघत. कारण आप्पा म्हणायचे ते मी पण मानलं होतं ना! आपला पीसच तसा आहे, बारापर्यंतचा. आता चाकणला गोडाऊनवर ठेकेदाराकडे स्कॅनिंग करतो. खोकं आलं की टूंऽऽ, पुढचं खोकं. तिथं तेरावं खोकं पण आरामात जातं, ठेकेदाराला विचारा!

तर असं सगळं रुळलं होतं. शिव्या त्यांच्या, कान माझे. आणि आली यंदाची दिवाळी.

वर्षालीताई पिंपळे सौदागरला असते, मोठ्या सोसायटीत, लिफ्टमध्ये आरसा आहे. ती आठ दिवस आमच्याकडे चऱ्होलीला आली, बरोबर शर्वी. माझी भाची, वय चार. पोरगी इंग्रजी बोलते म्हणजे काय, आपण पाणी मागायला तोंड उघडेपर्यंत तिची तीन वाक्यं झालेली असतात. आप्पांनी दोन दिवस तिला तपासलं. तिसऱ्या दिवशी अहवाल. "मोबाईलवरचं इंग्रजी हाय. पोकळ. पाया पायजे." आणि बोट वर, माळ्याकडे. "तो कॉम्प्युटर काढ."

मी म्हटलं, "आप्पा, एकवीस वर्षं झाली त्याला! त्यात आता पाली राहत असतील!"

"मग काय झालं? दरसाल पूजा केलीय त्याची."

केलीय! घर बदललं, लूना गेली, मिक्सर तीन झाले, पण तो डबा दर दसऱ्याला माळ्यावरून खाली, कुंकू, झेंडू, परत माळ्यावर. चालू एकदाही केला नाही. आमच्याकडे यंत्राची पूजा होते, यंत्राला विचारत कुणी नाही!

काढला. पुसला. रॅमचे पाय खोडरबरानं घासले, चार फटके मारले, आणि च्यायला, चालू झाला राव! आप्पा असे बघायला लागले माझ्याकडे, जणू डबा त्यांनीच दुरुस्त केला. सीडी घातली. शर्वी स्टुलावर. आई, ताई, आप्पा मागं ओळीनं. पोरीनं धाडधाड बारा ओंडके टाकले, ॲपल ते लायन, जांभई देत! आणि तेरावा... घर्रर्रर्र. टक् टक् टक्. तीन कोरे चौकोन. घूस पाण्यात. ओ-ओ! ट्राय अगेन!

शर्वीनं मान वळवली आणि म्हणाली, "मामा, हे बिघडलंय."

दोन सेकंद! चार वर्षांची पोर, दोन सेकंदांत! जे क्वालिटीच्या माणसाला एकवीस वर्षांत दिसलं नाही, जे कुसुमताईंच्या चष्म्यातून दिसलं नाही, ते ह्या चिमुरडीनं... माझ्या डोळ्यांत पाणीच आलं. आता बोलतील, मी म्हटलं. आता आप्पा काहीतरी बोलतील. आणि आप्पा बोलले!

"पोरीचं लक्ष टिकत न्हाई. मामावर गेलीय."

तुम्हाला सांगतो, माझं डोकं असं सटकलं ना! मला लावलात टॅग, ठीक आहे, मी वापरून जुना झालेला माल आहे. पण ह्या पोरीला? उद्या हिच्या बारशाच्या फोटोखाली पण लिहितील, बारापर्यंतची! आणि ताई? लिफ्टमध्ये आरसा असलेली बाई, आप्पांपुढं तोंड नाही! सीडी काढली, खिशात घातली, बाइकला किक मारली आणि थेट दापोडी.

दापोडीत शहेबाज. बालवाडीपासूनचा दोस्त, त्याच खिडकीला लोंबकळून बघायचा. आता कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान चालवतो, त्याचे वडील बरकतचाचा मागच्या खोलीत जुनं सामान सांभाळतात, आप्पांच्या कंपनीचं भंगारही त्यांनीच उचललेलं. शहेबाजनं सीडी घेतली, दिव्याखाली धरली आणि माझ्याकडे असं बघितलं, जणू मी सीडीवर पोहे खाल्लेत.

"भावा, ये सीडी है का तवा? कुणी घासली ही?"

"घासली म्हणजे?"

"हे बघ ना. गोल गोल ओरखडे. बाहेरच्या अंगाला तर पार सालटं निघालंय. अरे ह्याच बाजूनं वाचतं ते! वरची बाजू नुसतं चित्र असतं. आतलं आतलं वाचतंय, बाहेर गेलं की आंधळं. तुझी घूस काय पोहणार यात?"

मी खालीच बसलो. दुकानाच्या पायरीवर. एकवीस वर्षं, भावा! एकवीस वर्षं मी बुडत नव्हतो, नदीच तिथं संपत होती! आतून बरकतचाचांचा आवाज, "कौनसा? वो चूहेवाला?" बघा, त्यांच्याकडे तो उंदीर! "उस कंपनी के लॉट में सबके साथ आया था." आणि गोणीत कोपरापर्यंत हात घालून चाचांनी एक सीडी काढली. तशीच. पाकिटातली. कुंकू न लागलेली!

घरी आलो. सगळ्यांना बसवलं, आप्पांना खुर्चीत, ट्यूबलाइटखाली. जुनी सीडी हातात दिली. म्हटलं, "करा चेक. मागची बाजू."

आप्पांनी सवयीनं तिरकी धरली. एक डोळा बारीक. अंगठ्याचं नख फिरवलं. आणि त्यांचं तोंड हळूहळू... मी बघत होतो ना... पण त्यांच्या आधी आईच बोलली. आणि कशी? अभिमानानं!

"मीच घासली होती ती! दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी. कुंकू वाळून बसलेलं, निघंना. मग देवाची भांडी घासायची पावडर घेतली, काथ्या घेतला. कशी निघालेली, चांदीसारखी!"

ताईनं तोंडावर पदर, म्हणजे ओढणी. मी आईकडे बघतोय, आई आप्पांकडे, आप्पा सीडीकडे.

"आई," मी म्हटलं, "अगं मी बुडलो ना त्यात!"

"मग सांगायचंस की लेकरा!"

सांगायचंस की! बघा! आमच्या मोठ्या माणसांचं हे असं. त्यांनी ऐकलं नाही की आपण सांगितलेलं नसतं!

आप्पांनी नव्या सीडीकडे हनुवटी केली. "लाव. तू बस."

"मी? शर्वी खेळेल ना."

"तिचं नंतर. तू बस."

बसलो. सव्वीस वर्षांचा माणूस, एक फुटाच्या स्टुलावर, गुडघे कानाला. मागं सगळे ओळीनं. ॲपल, बॉल, कॅट, धप्प धप्प धप्प. हसू येत होतं. लायन झाला. बारावा. आणि माझा हात थांबला. घर्रर्र... मी डोळे मिटले. खरंच मिटले. माउसला घाम सुटला, म्हणजे मला सुटला. आणि ती बाई, तीच, गोड आवाजात, एकवीस वर्षांनी पहिल्यांदा म्हणाली, "एम फॉर...?"

डोळे उघडले. जहाज. घुबड. आंबा.

आंबा होता राव! एवढा मोठा केशरी आंबा! तिथंच होता, इतकी वर्षं, आतमध्ये!

"मामा, मँगो! मँगो!" शर्वी कानात ओरडतेय.

"मला माहितेय!" मी तिच्यावर ओरडलो. चार वर्षांच्या पोरीवर! आणि टिचकी मारली. धप्प!

पुढचं काय सांगू. सगळं घरच खेळायला लागलं. एक्सला एक रंगीत पट्ट्यांचं काहीतरी आलं, आप्पा म्हणाले शिडी, आई म्हणाली पापड वाळत घातलेत, शर्वी म्हणाली ते वाजवायचं असतं, आणि ते बरोबर निघालं. सव्विसावा ओंडका पडला, घूस पलीकडे गेली, टोपी काढली, नाचली, आणि स्क्रीनभर फुलं, "काँग्रॅच्युलेशन्स! यू आर रेडी फॉर स्कूल!"

ताईनं आप्पांना मराठीत सांगितलं. "म्हणतेय, आता तू शाळेत जायला तयार आहेस."

आप्पा उठले. आत गेले. कपाटाचं दार वाजलं. मी म्हटलं झालं, गेले रागावून. तर कंपनीची जुनी पिशवी घेऊन बाहेर आले. जुनी सीडी परत ट्यूबलाइटखाली धरली आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "पीस चांगला होता. चेकिंग चुकलं."

बस. एवढंच. सहा शब्दसुद्धा नाहीत, मी मोजलेत. पण तुम्हाला सांगतो, बत्तीस वर्षांत ह्या माणसानं हे वाक्य कंपनीत कुणापुढं उच्चारलं नसेल. माझं काय काय ठरलं होतं बोलायचं! एकवीस वर्षांचा हिशेब, पाहुण्यांच्या नावानिशी! तोंड उघडायच्या आत त्यांनी पिशवीतून टॅग काढला, दोऱ्यासकट, माझ्या शर्टाच्या बटणाला बांधला. मी खाली बघितलं. पिवळा!

"आप्पा, हिरवा पायजे ना! आत्ता म्हणालात पीस चांगला!"

"चांगलाच हाय. पण दुसऱ्या वर्षात अर्धा सोडलेला माल ओके कसा करू? रिवर्क. कॉलेज उघडलं की जाऊन फॉर्म भर."

आणि आई? आई नव्या सीडीपाशी उभी, हातात कुंकवाचा करंडा. "अगं आई, नको!" आम्ही सगळे एकदम ओरडलो, शर्वीसकट. आई दचकली. म्हणाली, "बरं बाई, घुशीच्या बाजूनं काढते. पण काढते."

तर कॉलेज उघडलं. गेलो. गोडाऊनवर दांडी मारून, पिवळा टॅग पाकिटात ठेवून. तीच खिडकी, तेच काका, परत प्रवेशाचा फॉर्म. काकांनी माझं नाव टाकलं, जन्मतारीख टाकली, अकरा रकाने, बारा रकाने... आणि कॉम्प्युटर म्हणाला, घर्रर्रर्र. टक् टक् टक्. काका वर न बघता म्हणाले, "सर्व्हर डाऊन आहे. परत ट्राय करा."

मी खिडकीतून मान आत घातली आणि बघितलं. डब्यावर वाळका झेंडू. खाली कुंकवाचं स्वस्तिक, ठसठशीत, खंडेनवमीचं.

बाकावर बसलोय, परत ट्राय करायला.